गिटार : काका

शेजारी शिडी मागायला येतात, विरजण मागायला येतात, लग्नसराईत मोठा गंज मागायला येतात. मागच्या दिवाळीत पुतण्या आला आणि म्हणाला, "काका, तुमच्याकडे नव्वदचं दशक आहे का?"

मी सवयीने माळ्याकडे पाहिलं. आमच्या घरात काहीही मागितलं की ते माळ्यावर असतं, आणि माळ्यावर चढायची शिडी शेजाऱ्याकडे असते.

"किती दिवसांसाठी पाहिजे?"

"अल्बम होईपर्यंत. आमचा बँड पहिला अल्बम काढून राहिला. इंडी रॉक. पण साउंड नव्वदीचा ठेवायचा आहे."

"इंडी म्हणजे?"

"इंडिपेंडंट, काका. कंपनी नाही, मालक नाही. कोणावर अवलंबून राहायचंच नाही."

पैशाचा विषय त्याने फराळ संपेपर्यंत काढला नाही. मुलगा संस्कारी आहे. त्याआधी त्याने मला एक साधा प्रश्न विचारला आणि पुढचं सगळं रामायण त्याच्या उत्तरातून घडलं.

"तुम्ही तर तेव्हा कॉलेजात होते ना? निर्वाणा ऐकलं असेल मग!"

इथे खरं बोलायला हवं होतं. निर्वाण हा शब्द मला पवनीमुळे माहीत होता. मी शाळेत भूगोल शिकवतो, आणि आमची सहल पवनीच्या जगन्नाथ टेकडीवरचा स्तूप पाहायला इतक्या वेळा गेली आहे की बसचा ड्रायव्हरही आता माहिती सांगू शकतो. त्या नावाचा एक बँड अमेरिकेत होता, त्याचा 'नेव्हरमाइंड' नावाचा अल्बम २४ सप्टेंबर १९९१ ला निघाला आणि जगभरची तरुण पिढी त्याने हादरवली, हे मला पुतण्याकडून कळलं. त्या सप्टेंबरात मी अठरा वर्षांचा होतो आणि मलाही हादरा बसलेला होता, पण तो 'साजन'चा. भंडाऱ्यातल्या प्रत्येक पानठेल्यावर तीच कॅसेट. एका ठेल्यावर अर्धं गाणं ऐकून सायकल मारली तर पुढच्या ठेल्यावर उरलेलं अर्धं मिळायचं. कुमार सानूंनी सलग पाच वर्षं फिल्मफेअर घरी नेलं तो हा काळ. तिकडे अमेरिकेत सिॲटलमध्ये पोरं जगाला कंटाळून केस वाढवत होती, आणि इकडे आम्ही नाकातून गायचा सराव करत होतो.

पण पुतण्या माझ्याकडे ज्या नजरेने पाहत होता, त्या नजरेने माझ्याकडे घरात कोणी पाहिल्याला बरीच वर्षं झाली होती.

"ऐकलं म्हणजे काय!" मी म्हणालो. "जीव टाकायचो."

"कोणतं गाणं आवडायचं?"

"एकाचं नाव घेतलं तर बाकीच्यांवर अन्याय होईल."

आतून बायकोचा आवाज आला, "अवो, तुम्ही तर 'आशिकी'ची कॅसेट उशाशी घेऊन झोपत होते म्हणे. आत्याबाई सांगतात." मी करंजी तोंडात टाकली. तोंडात करंजी असताना माणसाला उलटतपासणीला तोंड द्यावं लागत नाही.

फराळ संपला. पुतण्याने हात पुसले आणि मला एक गोष्ट सांगितली. निर्वाणाचा पहिला अल्बम 'ब्लीच'. १९८९ चा. त्याच्या रेकॉर्डिंगचा खर्च आला ६०६ डॉलर आणि १७ सेंट. बँडकडे तेवढेही नव्हते. तेव्हा जेसन एव्हरमन नावाच्या एका गिटारवाल्याने ते भरले. बँडने कृतज्ञता म्हणून अल्बमच्या कव्हरवर त्याचा फोटो छापला आणि गिटारवादक म्हणून नावही दिलं, जरी त्याने त्या अल्बममध्ये एक तारही छेडली नव्हती.

"वा," मी म्हणालो. "माणुसकी आहे."

"काका, तुम्ही आमचे एव्हरमन."

मी मनात हिशोब केला. तेव्हा डॉलर सोळा-सतरा रुपयांना होता. म्हणजे साधारण दहा हजार. जमेल.

"महागाई धरून चाळीस," पुतण्या म्हणाला.

मी म्हटलं, बाबू, मुंबईचं ठीक आहे. तिथे रॉक मशीनसारखा बँड १९८८ मध्ये स्वतःच्या गाण्यांचा अल्बम काढतो, पुढे इंडस क्रीड असं नाव बदलतो, पेंटाग्रामवाले १९९६ मध्ये पहिला अल्बम काढतात. (ही सगळी माहिती त्यानेच मला दहा मिनिटांपूर्वी दिली होती. मी फक्त परत करत होतो.) पण भंडाऱ्यात रॉक?

"काका, 'रॉक स्ट्रीट जर्नल' नावाचं मासिक १९९३ मध्ये कुठून निघालं माहीत आहे? अलाहाबादहून. अलाहाबादेतून रॉकचं मासिक निघू शकते, तर भंडाऱ्यातून अल्बम कायले नाही निघणार?"

भूगोलाच्या मास्तराला भूगोलाने हरवलं की तो चेक लिहितो.

आता बँडविषयी. बँडमध्ये चार जण होते. त्यातला एक गिटारवाला पहिल्याच आठवड्यात पुण्याला नोकरी लागून गेला, त्यामुळे 'स्वातंत्र्य' या विषयावरचं गाणं अर्धवट राहिलं. उरले तीन. पुतण्या गातो आणि गिटार वाजवतो. बेसवाला तुमसरचा, त्याच्या मामांची राइस मिल आहे आणि बँडमध्ये त्याचं स्थान त्यामुळे अढळ आहे. ड्रमवाला गोंदियाचा. तो आठवड्यातून दोनदा रेल्वेने भंडारा रोडला उतरतो. भंडारा रोड स्टेशन भंडाऱ्यात आहे असं नकाशा न पाहिलेल्यांना वाटतं. ते वरठीला आहे. तिथून गावात यायला आणखी दहा-बारा किलोमीटर. पहिल्या दिवशी त्या पोराने ऑटोत ड्रम चढवले तेव्हा ऑटोवाल्याने विचारलं, "कोनाची वरात हाये?" आणि वरातीचं भाडं लावलं.

"सगळा बँड भंडारा जिल्ह्याचा असता तर बरं होतं," मी एकदा म्हणालो.

"आहेच ना!" पुतण्या म्हणाला. "नव्वदीत गोंदिया आपल्याच जिल्ह्यात होता. १ मे १९९९ ला वेगळा झाला. आम्ही त्याआधीचाच साउंड करून राहिलो."

हा मुद्दा बिनतोड होता, आणि माझ्यासाठी हळवाही. माझं लग्न त्याच महिन्यातलं. बायको गोंदियाची. सोयरीक जुळली तेव्हा ती जिल्ह्यातली मुलगी होती, वरात निघाली तेव्हा परजिल्ह्यातली झाली होती. तिच्या मते आमच्या घरात तिला जी वागणूक मिळते त्याचं मूळ शासनाच्या त्या निर्णयात आहे.

बँडचं नाव मात्र ठरेना. 'वैनगंगा' म्हटलं तर बेसवाला म्हणाला की बावनथडीवर अन्याय होतो. इंग्रजी नाव घ्यावं तर ते कोणत्या ना कोणत्या देशात आधीच कोणीतरी घेतलेलं. एका रात्री तिघं भांडून उठले, म्हणजे बँड फुटला, आणि सकाळी तर्री-पोह्याच्या गाडीवर परत जुळला. नव्वदीचे बँड असेच फुटायचे, पुतण्या म्हणाला. पण ते निदान एखादा अल्बम काढून फुटायचे.

मग पोशाख. पुतण्याने दोन हजार रुपये देऊन एक चौकड्यांचा, कोपरावर विटलेला, दोन माप मोठा फ्लॅनेलचा शर्ट मागवला. सिॲटलकडचे लाकूडतोडे आणि गरीब पोरं थंडीत असे स्वस्त शर्ट घालायची, म्हणून ती ग्रंजची, म्हणजे निर्वाणाच्या पठडीतल्या रॉकची, फॅशन झाली. मी तो शर्ट हातात घेतला आणि माझ्या काळजात कळ आली. अगदी असाच शर्ट माझ्याकडे होता. तसाच विटलेला. आईने तो भांडेवालीला देऊन एक स्टीलचा डबा घेतला होता, आणि वर घासाघीस करून झाकणही मिळवलं होतं. त्या डब्यात अजून आमचं मीठ असतं.

रेकॉर्डिंगला डिसेंबरात सुरुवात झाली. स्टुडिओ म्हणजे मामांच्या मिलचं गोदाम. रात्री मिल बंद झाली की यांची सुरू. खरिपाचं धान नुकतंच आलेलं, कट्ट्यांच्या थप्प्या छतापर्यंत. ही जागा उत्तम आहे, असं पुतण्याने टाळी वाजवून सिद्ध केलं. टाळी वाजली आणि तिथल्या तिथे मेली. धानाचे कट्टे आवाज पिऊन टाकतात. मोठ्या शहरात लोक यासाठी भिंतींना महागडा स्पंज चिकटवतात. पहिलं गाणं असं रेकॉर्ड झालं की गाणारा तुमच्या कानाशी बसून रडतो आहे असं वाटावं.

पण धान हे काही गाण्यासाठी आलेलं नव्हतं. ते भरडायला आलेलं होतं. दुसऱ्या गाण्याच्या वेळी उत्तरेकडची थप्पी गेली. तिसऱ्याला पूर्व बाजू मोकळी झाली. चौथ्या गाण्यात आवाज जरा घुमू लागला. पाचव्यापर्यंत गोदाम रिकामं झालं होतं आणि पुतण्या एकदा ओरडला की तीन वेळा ऐकू यायचा. सहाव्या गाण्यात लक्ष देऊन ऐकलं तर मामाही ऐकू येतात. "लाइट बंद करा रे जातानी," असं म्हणतात.

पुढे पुतण्याच्या एका पुण्याच्या मित्राने अल्बम ऐकून सांगितलं की, "सुरुवातीला अगदी कोंडलेलं वाटतं आणि शेवटाकडे गायक स्वतःच्या आत मोकळा होत जातो. हा प्रवास भारी डिझाइन केलाय." पुतण्याने आभार मानले. मला वाटतं, आभार त्या गोदामातून धान उचलणाऱ्या ट्रकवाल्यांचेही मानायला हवे होते.

मधेच ड्रमवाल्याची झांज तडकली. नवी मागवायची तर माझे चाळीस हजार बसला-ऑटोला, कचोरीला आणि फ्लॅनेलला संपत आलेले. तेव्हा बेसवाल्याला आठवलं की स्वस्तातल्या झांजा पितळेच्याच असतात, आणि पितळेसाठी भंडाऱ्याने बाहेर जायचं म्हणजे वैनगंगेने पाण्यासाठी टँकर मागवायचा. त्या संध्याकाळी आमची परात नाहीशी झाली. बायकोने कामवालीवर संशय घेतला, मग मांजरीवर, मग पूर्वानुभवावरून माझ्यावर. तीन आठवड्यांनी परात परत आली तेव्हा तिला मध्यभागी भोक होतं, आणि भोकाच्या बाजूला 'लग्नाप्रीत्यर्थ सप्रेम भेट, मावशीकडून, १९९९' ही अक्षरं तशीच. अल्बममध्ये जिथे जिथे काळजाला भिडणारा 'झन्न' येतो, तिथे तिथे माझ्या मावससासूबाई आहेत.

"परातसुद्धा नव्वदीची निघाली, काकू!" पुतण्या म्हणाला. काकूने त्याला जे उत्तर दिलं ते कोणत्याही दशकात छापण्यासारखं नाही.

वीजही जायची. ऐन सुरात जायची. पहिल्यांदा गेली तेव्हा मी हळहळलो. पुतण्याने अंधारातून विचारलं, "नव्वदीतही जायची ना, काका?"

"खूप."

"मग ठीक आहे."

सगळं रेकॉर्ड झालं आणि एक अडचण निघाली. आवाज फार स्वच्छ आला होता. संगणकावर केलेलं रेकॉर्डिंग, त्यात खरखर कुठून येणार? पुतण्या दोन दिवस जेवला नाही. मग त्याने पैसे देऊन खरखर विकत घेतली. हो, मिळते. संगणकात घालायची, म्हणजे गाण्यामागे जुन्या कॅसेटसारखा 'श्श्श्श' असा आवाज येत राहतो. जास्त पैसे दिले तर मधूनमधून सूर डुगडुगतो, टेपरेकॉर्डरचे सेल संपत आल्यासारखा.

मी हे ऐकलं आणि खुर्चीत बसलो. बसलेलोच होतो, पण आणखी बसलो. माझी सगळी जवानी ती खरखर घालवण्यात गेली. टेपच्या फितीवर लोहाचे अतिसूक्ष्म कण असतात आणि ते गाणं नसलं तरी कुजबुजत राहतात. ती कुजबुज बंद करावी म्हणून आम्ही टेपरेकॉर्डरच्या हेडला अत्तराचा फाया लावला, स्पिरिट लावलं, एकदा देवघरातली विभूती लावली. सेल उन्हात तापवून परत घातले. रे डॉल्बी नावाच्या एका सज्जन इंजिनिअरने तर त्यासाठी आयुष्य वेचलं. त्याने खरखर कमी करण्याची युक्ती काढली आणि चांगल्या टेपरेकॉर्डरवर त्याच्या नावाचं बटण आलं. त्या बिचाऱ्याला महाराष्ट्राने अशी श्रद्धांजली दिली की मिरवणुकीत खिडक्यांच्या काचा फोडणाऱ्या आवाजाला 'डॉल्बी' म्हणायचं. आणि आता माझा पुतण्या माझ्याच पैशांनी ती खरखर घरात परत आणत होता. भांडेवाली डबा परत मागायला यावी आणि सोबत शर्टही घेऊन यावी, तसं काहीतरी.

"सुरुवातीला चाळीस सेकंद नुसती खरखर ठेवली आहे," पुतण्या म्हणाला. "वातावरण तयार होते."

कव्हर छापून आलं तेव्हा त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं : 'नाव ठरायचे आहे'. नमुना म्हणून पाठवलेलं छापणाऱ्याने तसंच छापलं होतं. पोरं अर्धा तास सुन्न बसली. मग बेसवाला म्हणाला, "पन भारी वाटून राह्यलं ना बे?" आणि तेच ठरलं. बँडचं नाव ते की अल्बमचं, हे ठरायचं आहे. खाली बारीक अक्षरांत वादकांची नावं आणि शेवटी, दिल्या वचनाला जागून : 'गिटार : काका'. मी ते कव्हर शाळेत नेलं, मुख्याध्यापकांच्या टेबलावर चुकून विसरलो, आणि तीन वेळा चुकून आठवण काढली.

या गर्वाचं घर साकोली तालुक्यातल्या एका गावात खाली झालं.

आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर मंडई, म्हणजे जत्रा, लागते आणि तेव्हापासून होळीपर्यंत गावोगाव ड्रामे चालतात. कंपन्या बहुतेक वडशाच्या. दिवसा शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, रात्री दहाला ड्रामा सुरू, तो उजाडेपर्यंत. हजारो माणसं घोंगड्या घेऊन बसतात. त्या रात्री कंपनीची गाडी वाटेत अडकली आणि मंडळाने हवालदिल होऊन आमच्या पोरांना विचारलं, गाडी येईपर्यंत अर्धा तास धराल का? पुतण्याच्या मते हा अल्बमच्या प्रकाशनाचा ऐतिहासिक क्षण होता. निवेदकाच्या मते तो असा होता : "ड्रामा येऊन राह्यला हाये, कोनी उठू नका. तोवर भंडाऱ्याचे काही पोट्टे आपला टाइमपास करतील." मग त्याने कव्हर हातात घेतलं आणि नावं वाचली. शेवटचं वाचून त्याने श्रोत्यांत पाहिलं. "काका कोन हायेत? या ना जी वर!"

हजार मुंडकी वळली. मी वर गेलो. कोणीतरी पुण्याला गेलेल्या पोराची गिटार माझ्या गळ्यात अडकवली. पुतण्या कानाशी येऊन म्हणाला, "काका, घाबरू नका, वायर लावलेली नाही. फक्त हात हलवा. एव्हरमननेही अल्बममध्ये काही वाजवलं नव्हतं." मी हात हलवू लागलो. भूगोलात नकाशावर वारे दाखवताना हलवतो तसेच, पण थोडे दुःखी.

पहिलं गाणं हळू सुरू झालं. मग पुतण्याने पायाखालची नारिंगी डबी दाबली. या डबीचं काम एवढंच, की गिटारचा आवाज इतका फुगवायचा की तो मशीनमध्ये मावत नाही आणि वरून छाटला जातो. त्यातून जो फाटका, करवतीसारखा सूर निघतो तोच नव्वदीच्या रॉकचा प्राण. तो प्राण बाहेर पडला मात्र, साउंडवाला दोन्ही हात वर करून रंगमंचावर धावत आला.

"बंद करा, बंद करा! आवाज फाटून राह्यला!"

"तो तसाच आहे, भाऊ," पुतण्या म्हणाला.

"तसा कसा असन? वीस वर्षं झाली मले या लायनीत. आमच्या साउंडचा आवाज कधी फाटला नाही." त्याच्या व्यवसायाच्या इज्जतीचा प्रश्न होता. तो वायर चाचपत खाली बसला, त्याला ती डबी सापडली, आणि विंचू सापडल्यासारखा त्याचा चेहरा झाला. त्याने ती उपटून काढली आणि गिटारची वायर सरळ जोडून दिली. आता पुतण्याच्या गिटारमधून देवळातल्या बाजाच्या पेटीसारखा गोड, सात्त्विक सूर येऊ लागला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या साउंडवाल्यासाठी होत्या.

तो समाधानाने उतरणार, तेवढ्यात त्याचं लक्ष माझ्याकडे गेलं.

"अरे! या काकांची तं वायरच नाही लागली! किती येळचे बिचारे मुक्याने वाजवून राह्यले!"

मी मान हलवली. डोळ्यांनी विनवलं. पण भंडाऱ्याकडच्या माणसाला दुसऱ्याची अडचण पाहवत नाही. त्याने माझ्या गिटारला वायर खुपसली. दुसरं टोक जोडायला जागा शोधली. "हे डबं उरलं होतं, ते तुमाले लावून देतो," म्हणाला, आणि आवाजाची खुंटी दयाबुद्धीने शेवटपर्यंत फिरवली.

त्या क्षणी माझा हात नेहमीच्या वाऱ्यांप्रमाणे खाली येत होता.

काय झालं ते मला नीट आठवत नाही. पुढच्या रांगेतली लेकरं एकदम उठून बसली. शंकरपटाचे बैल दावणीला होते, त्यातल्या दोन जोड्या दावं तोडून धावल्या, आणि त्या दिवशीच्या सर्वोत्तम वेळेपेक्षा जोरात धावल्या असं नंतर जाणकार म्हणाले. मी घाबरून तारा दाबून धरल्या तर आवाज थांबण्याऐवजी शिट्टीसारखा वर वर चढत गेला. पुतण्या माझ्याकडे भान हरपून पाहत होता. मी शेवटी गिटार खाली ठेवली आणि तिच्यावर बसलो.

शांतता झाली. मग घोंगडीतून एक म्हातारा ठणठणीत आवाजात म्हणाला, "बराबर हाये. आमच्या ड्राम्यासारखंच. आधी कुजबुज, मंग बोंब."

पुतण्याने मला घरी येताना समजावलं, की अमेरिकेतल्या पिक्सीज बँडची आणि पुढे निर्वाणाची सगळी थोरवी याच युक्तीत आहे : आधी हळू, मग एकदम जोरात. हे तो कित्येक महिने मला समजावत होता. म्हाताऱ्याने ते चार शब्दांत सांगितलं, तेही ड्रामा सुरू व्हायच्या आत.

दुसऱ्या दिवशी पुतण्या पेढे घेऊन आला. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला, "काका, एव्हरमनलाही त्यांनी नंतर बँडमधून काढलं होतं."

"मग तो काय करतो?"

"पुढे सैन्यात गेला. स्पेशल फोर्सेसमध्ये. मोठं नाव कमावलं."

"आणि त्याचे सहाशे सहा डॉलर?"

"ते राहूनच गेले," पुतण्या म्हणाला आणि मला दुसरा पेढा दिला.

मला सैन्यात घेणार नव्हते, म्हणून मला कॅसेटी भरायचं काम मिळालं. अल्बम नव्वदीचा, तर तो कॅसेटवर हवाच, आणि अख्ख्या मित्रमंडळात दोन कॅसेटींचा टेपरेकॉर्डर फक्त माझ्या माळ्यावर. पंचवीस कोऱ्या कॅसेटी आणल्या. तरुणांना कल्पना नसते, पण कॅसेट भरायला तेवढाच वेळ लागतो जेवढा ऐकायला. अल्बम चाळीस मिनिटांचा. पंचवीस गुणिले चाळीस म्हणजे हजार मिनिटं, म्हणजे सोळा तास चाळीस मिनिटं. पुतण्याचं नैराश्य मी इतकं ऐकलं की मला त्याच्या आईवडिलांविषयी राग येऊ लागला, आणि त्यातला एक माझा सख्खा भाऊ आहे.

अकराव्या कॅसेटला फीत गुंतली. साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये साधारण नव्वद मीटर फीत असते; ती बाहेर आली की घर लहान पडतं. मी म्हणालो, पेन्सिल आणा. घरात पेन्सिल निघेना. मास्तरच्या घरात! सगळ्यांकडे मोबाइल. शेवटी बायकोने भुवयांची पेन्सिल दिली. ती कॅसेटच्या चाकात फिरता फिरता वितळली, आणि बाराव्या मिनिटापासून तो अल्बम अक्षरशः काळा पडला आहे.

एप्रिल लागला होता. एका दुपारी भरलेली कॅसेट तपासायला मी आवाज पूर्ण सोडला. आधी ती विकत घेतलेली चाळीस सेकंदांची खरखर, त्यात माझ्या जुन्या टेपरेकॉर्डरने घातलेली फुकटची भर. घरभर 'श्श्श्श' पसरलं. आई ब्याऐंशीची आहे. तिला बोललेलं ऐकू येत नाही, पण काही आवाज तिला मनातूनच ऐकू येतात. ती पलंगावरून उठली.

"पानी आला रे! वाळवण!"

मी तिला थांबवेपर्यंत ती गच्चीवर होती. पापड, कुरड्या, मूगवड्या, सगळं भराभर लुगड्यात. तिला पाहून समोरच्या काकू गच्चीवर धावल्या. त्यांना पाहून त्यांची जाऊ. पाच मिनिटांत गल्लीतल्या आठ घरांच्या गच्च्या रिकाम्या, आणि वर कोरडं ठणठणीत निळं आभाळ. सगळ्या आमच्या घराकडे पाहत होत्या. तेवढ्यात खरखर संपून पुतण्या ओरडला आणि त्यांना कारण कळलं.

मी हे पुतण्याला शरमेने सांगितलं. त्याचा चेहरा उजळला. "आठ घरं? काका, पहिल्याच आठवड्यात आठ घरांनी रिॲक्ट केलं!"

त्यानंतरच्या गुरुवारी मी तेविसावी कॅसेट भरायला घेणार होतो, तोच आभाळ भरून आलं. वैशाखाआधीचा तो अवकाळी, वैनगंगेकडून आला तो तडतडतच. मी गच्चीकडे धावलो तर आई पलंगावर निवांत सुपारी कातरत होती.

"आई, पाणी!"

"राहू दे रे," ती म्हणाली. "बाबूची कॅसेट हाये. आता थोड्या वेळानं बोंबलन."

गल्लीत डोकावलो. आठही दारांत बाया शांत बसलेल्या, चेहऱ्यावर समजूतदार हसू. कोणी जागचं हललं नाही. अर्ध्या तासाने, कोणीच न बोंबलल्यामुळे, पहिली बाई दाराबाहेर आली आणि भिजली.

संध्याकाळी आठ जणी ओल्या कुरड्यांची आठ ताटं घेऊन आमच्या ओट्यावर आल्या. मी म्हणालो, हे पाहा, गाणी पुतण्याची, खरखर पुतण्याची, मी फक्त कॅसेटी भरतो. समोरच्या काकूंनी पदराआडून अल्बमचं कव्हर काढलं. चष्मा लावला. शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं आणि माझ्यापुढे धरलं.

नुकसानभरपाई दोन किलो प्रत्येकी ठरली.